भरपाई मिळाली, पण कोणाला?

आमच्या मामांची पाऊण एकर जमीन रस्त्यासाठी गेली. पैसे जमा झाल्याचे कळल्यावर मी भेटायला गेलो. मामी उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "पैसे मामांच्या खात्यावर आले रे. पण मी उद्या सकाळी उठून जाऊ कुठं?" रोज वर्गात तासभर बोलणाऱ्या मला उत्तर सुचले नाही.

बेळगावच्या दक्षिणेकडचे शहापूर, वडगाव, येळ्ळूरचे शिवार आपल्याला ठाऊकच आहे. खरिपात भात, नंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. बांधाच्या गवतावर म्हैस आणि म्हशीच्या दुधावर घरखर्च. याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास आखला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या भातात यंत्रे उतरली, तेव्हाचा शेतकऱ्यांचा विरोध आपण विसरलेलो नाही.

जमीन गुंठ्यांत मोजता येते. पण लावणी, भांगलण, शेण, वैरण, दूध ही मामीची कामे कोणत्या उताऱ्यावर आहेत? उताऱ्यावर नाव मामांचे, म्हणून पैसेही त्यांचेच. शेजारचे शेत वाट्याने करणाऱ्या कन्नड आज्जींचे तर नावच कुठे नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "होला होत्रि, केल्सानू होत्रि."

कन्नडमध्ये भरपाईला 'परिहार' म्हणतात. मराठीत परिहार म्हणजे निवारण. या दोघींच्या रिकाम्या हातांचे निवारण पैशाने झालेले नाही.

२०१३ चा भूसंपादन कायदा फक्त मालकालाच बाधित मानत नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर राबणारे आणि मुख्यतः तिच्यावरच पोट असणारे वाटेकरी, शेतमजूरही त्याच्या व्याख्येत येतात. पण ते सिद्ध कसे करायचे? कर्नाटकात १९७४ पासून मोजके अपवाद सोडता जमीन कुळाने देण्यास बंदी आहे. त्यामुळे वाट्याचा व्यवहार तोंडीच चालतो. कागद नाही म्हणून हक्कही नाही.

ज्यांच्या शिवारात अजून मोजणी आलेली नाही, त्या वाचकांना एक विनंती. घरात बसून आजच बोला. उताऱ्यावर घरच्या बाईचे नाव लावता येईल का, पैसे आलेच तर ते कोणाच्या खात्यावर राहतील, राबणाऱ्याला काय द्यायचे, हे आधीच ठरवा. पैसे आल्यावर असे बोलणे अवघड होते.

निघताना मामीने चहा केला. दूध पिशवीतले होते. म्हैस गेल्या महिन्यातच विकली होती.