करडाच्या उंचीवरून गोठा

मृगाच्या पावसानं बांधावर हिरवं फुटलं की शेळ्या माजावर येतात. गर्भकाळ साधारण १५० दिवसांचा, चार-पाच दिवस इकडेतिकडे. म्हणजे जूनच्या मध्याला गाभण राहिलेली शेळी नोव्हेंबरच्या मध्याला, नेमकी थंडीच्या तोंडावर व्यायला येते. त्या सुमारास राज्यातल्या असंख्य गोठ्यांत शेळ्यांच्या कासा भरू लागलेल्या असतात. आणि त्यातल्या पुष्कळ गोठ्यांत करडासाठी वेगळी अशी एक वीतभर जागाही कोणी राखलेली नसते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातल्या शेळ्यांची संख्या एक कोटीच्या वर भरली. उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी या राज्याच्या चार नोंदणीकृत जाती. बहुतेक शेळ्या दोन-चार किंवा फार तर दहा-पंधराच्या कळपात, अल्पभूधारकांच्या नाहीतर भूमिहीनांच्या दारात असतात आणि त्यांचं सगळं बघणं घरातल्या बाईकडे असतं.

शेळीपालनाची पुस्तकं आणि शिबिरं गोठा सांगतात ती माणसाच्या उंचीवरून. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट जागा द्या, छत मधोमध उंच घ्या. सल्ला बरोबरच आहे. पण व्यायला आलेल्या शेळीचा गोठा पारखायचा असेल तर आत जाऊन उकिडवं बसावं, तेही पहाटे. उभ्या माणसाला जाणवत नाही ते तिथं जाणवतं. कुडाच्या खालच्या फटीतून येणारा वारा थेट पोटरीला लागतो. मुताचा उग्र वास नाकात जातो, डोळे चुरचुरतात. जमिनीवर तळवा टेकवला तर ओल कळते. करडाचं पहिल्या आठवड्याचं सगळं आयुष्य जमिनीपासूनच्या या दीड-दोन फुटांत जातं.

उस्मानाबादी करडू जन्मतं तेव्हा दोन-अडीच किलोचं असतं. आईच्या पोटात ३९ अंश सेल्सिअसच्या उबेत वाढलेला हा जीव एकदम दहा-बारा अंशांच्या हवेत येतो, आणि तोही चिंब ओला. निफाड-संगमनेरकडे तर हिवाळ्यातल्या काही रात्री पारा याच्याही खाली जातो. अंगावरचं पाणी सुकताना देहाची ऊब घेऊन जातं, वर वारा असला की ऊब जाण्याचा वेग कितीतरी वाढतो. करडाच्या मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबीचा छोटासा साठा असतो. ती जाळून ते पहिले काही तास तग धरतं. तेवढ्या वेळात अंग कोरडं झालं नाही आणि पोटात चीक गेला नाही, तर ते गार पडतं. मग त्याला चोखायची ताकद राहत नाही, आणि चोखलं नाही म्हणून ते आणखी गार पडतं. सकाळी मेलेलं करडू दिसलं की ‘अशक्तच होतं’ म्हणून सोडून दिलं जातं. अशी कितीतरी करडं ओल आणि वारा यांनी गेलेली असतात.

यावर सर्रास केला जाणारा उपाय मात्र चुकीचा आहे. थंडी पडली की ताडपत्री ओढून सगळा गोठा वरपासून खालपर्यंत बंद करतात. आत ऊब वाटते, पण शेळ्यांच्या श्वासाची वाफ आणि अमोनिया आतच कोंडतो, गादी ओली होते आणि करडांना फुफ्फुसदाह होतो. बंद करायचे ते वाऱ्याच्या बाजूचे खालचे दोन-तीन फूट. वळचणीखालची मोकळी पट्टी उघडीच राहू द्यायची. त्यासाठी विकत काही आणावं लागत नाही. विदर्भात पऱ्हाट्या आहेत, मराठवाड्यात तुराट्या आहेत, पश्चिम महाराष्ट्रात उसाचं पाचट आहे. तुराट्यांचा कूड शेणामातीनं लिंपला आणि आतून बारदान लावलं की वारा अडतो. माणदेशातल्या वस्त्यांवर असे कूड अजून बघायला मिळतात, आणि पत्र्याच्या कित्येक महागड्या शेडपेक्षा ते व्यायला आलेल्या शेळीला जास्त सोयीचे आहेत.

आता जमीन. या एका गोष्टीवर पानंच्या पानं लिहावीत इतकं तिचं महत्त्व आहे. शेळीच्या गोठ्याला मुरुमाची धुम्मस केलेली, किंचित उतार दिलेली जमीन सर्वांत उत्तम. मूत मुरून जातं आणि खुरांनाही ती मानवते. सिमेंटचा कोबा धुवायला सोपा, पण हिवाळ्यात गार आणि ओला असताना निसरडा. व्यायच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी एक कोपरा रिकामा करावा. जुन्या लेंड्या आणि वरचा दोन-तीन इंच मुरूम खरवडून काढावा, दोन-चार दिवस ऊन-वारा लागू द्यावा, चुन्याची भुकटी पसरावी आणि त्यावर नवा कोरडा मुरूम टाकावा. भिंती चुन्यानं सारवून घ्याव्यात. मग वर गादी घालायची, चांगली चार-सहा इंचांची. गव्हाचा भुसा, वाळलेलं गवत, कुटी केलेलं पाचट, भुईमुगाची टरफलं, जे कोरडं असेल ते चालतं. लाकडाचा बारीक भुस्सा तेवढा नको. तो ओल्या करडाच्या नाकातोंडात जातो.

गादी रोज उपसायची नसते. ओला भाग तेवढा काढून वर कोरडा थर टाकत राहिलं की खालचा थर सावकाश कुजतो आणि कुजताना ऊब देतो. गादी पुरेशी कोरडी आहे का, हे पाहण्याची जुनी रीत आहे: तिच्यावर गुडघे टेकून दोन मिनिटं बसायचं. गुडघे ओले झाले तर आणखी भुसा हवा.

कोकणात हे सगळं बदलतं. तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं मुरूम कोरडा राहणं शक्य नाही. म्हणून कोकण कन्याळ शेळ्यांसाठी जमिनीपासून उंच बांबूचं किंवा सुपारीच्या पट्ट्यांचं मचाण करतात. मूत, लेंड्या फटींतून खाली पडतात. शेळीला हे उत्तम. नुकत्या जन्मलेल्या करडाचा पाय मात्र त्याच फटीत अडकून मोडू शकतो, आणि खालून वाराही लागतो. म्हणून मचाणाच्या एका कोपऱ्यात पोती अंथरून वर गवताचा जाड थर द्यायचा आणि शेळी तिथंच व्यायला ठेवायची.

कोपरा किती मोठा हवा? एका शेळीला चार बाय पाच फूट पुरतात. आडोसा अडीच-तीन फूट उंच असावा, म्हणजे शेळीला बाकीचा कळप दिसत राहतो आणि ती बिथरत नाही. आत तिला दावं नको, मोकळीच ठेवावी. व्याताना ती सारखी उठते, बसते, फिरते, आणि दाव्यात करडू गुरफटू शकतं. पाण्याची खोल बादली खाली ठेवू नये. शेळी बादलीकडे पाठ करून व्याली तर करडू सरळ पाण्यात पडतं. बादली कुडाला उंचावर अडकवावी.

जुळ्यांचा विचार आधीच करून ठेवायला हवा, कारण उस्मानाबादी शेळीला जुळं होणं नेहमीचं. दख्खनी मेंढीचं तसं नाही. तिला बहुधा एकच कोकरू. फलटणला १९६८ मध्ये बनबिहारी निंबकरांनी स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. सुंदरबनातल्या गरोळ नावाच्या लहानखुऱ्या मेंढीत जुळ्यांचं एक जनुक असतं. ते दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. एका जनुकानं कोकरं वाढतात, ही गोष्ट थक्क करणारी आहे. पण जुळी कोकरं वजनानं हलकी जन्मतात, आईचं दूध वाटून घेतात आणि जास्त देखभाल मागतात. शेळीपाळांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पहिलं करडू चाटत असतानाच शेळीला दुसऱ्याच्या कळा येतात आणि पहिलं अर्धओलंच राहतं. तेव्हा स्वच्छ कोरडं पोतं हाताशी असलेली बाई त्याला पुसून डालग्याखाली ठेवते. डालगं वारा अडवतं आणि आईला वास येत राहतो, म्हणून ती करडाला परकं मानत नाही. उबेसाठी दिवा लावणाऱ्यांनी तो जाळीत, करडापासून निदान तीन फूट वर, दोन ठिकाणी पक्का बांधावा. कोरड्या भुशावर पडलेला दिवा सगळा गोठा जाळतो.

जुन्नर, अकोले, संगमनेरच्या ऊसपट्ट्यात आणखी एक काळजी असते ती बिबट्याची. उसात वाढलेला बिबट्या रात्री वस्तीवरच्या गोठ्याकडे येतो. तीन बाजूंनी भक्कम आणि वरून उघडा असा गोठा त्याला अडवत नाही. इथं जाळी चारही बाजूंनी आणि वरूनही हवी, दाराला कडी हवी.

शेळी व्याल्यावर पडलेली वार उघड्यावर टाकू नये, कुत्र्यांना तर मुळीच घालू नये. खड्डा खोल खणून चुन्यासह पुरावी. या साध्या सूचनेमागे मोठा इतिहास आहे. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश शिबंदीला एका चिवट तापानं ग्रासलं होतं. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानं १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरानं दाखवलं, की धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात आणि दुधात तो जंतू आहे. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद झालं आणि ताप झपाट्यानं ओसरला. हाच ब्रुसेलोसिस. गाभडलेल्या शेळीची वार आणि स्राव यांतून तो आजही माणसांना होतो. म्हणून व्याणाऱ्या शेळीला हात लावताना हातमोजे घालावेत आणि घरातल्या गरोदर बाईला या कामापासून दूर ठेवावं.

वेळ जवळ आली की शेळी स्वतःच सांगते. कास ताठ होते, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, ती कळपापासून बाजूला होऊन पायानं गादी उकरते. तोवर टिंक्चर आयोडीन, उकळलेला दोरा, नवं पातं, हातमोजे आणि कोरडी पोती कोपऱ्याशी आलेली असावीत. नाळ पोटापासून दोन-तीन इंचांवर बांधून कापायची आणि टोक आयोडीनमध्ये बुडवायचं. पोटात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती चिकातून येते, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद दिवसभरातच संपते. पहिला चीक तासाभराच्या आत पाजावा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी सुमारे २०० मिलीलीटर, चार-पाच वेळा विभागून.

या सगळ्याची सुरुवात कळपावर बोकड सुटतो त्या दिवशी होते. शेळी लागली ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. त्यावरून व्यायच्या चार-सहा आठवडे आधी आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस देता येते, आणि कोपराही वेळेत तयार होतो. तारीख लिहिली नसेल तर आजच प्रत्येक शेळीची कास पाहावी आणि जिची भरू लागली आहे तिचा कोपरा आधी घ्यावा. ऐन वेळी जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास उलटला आणि काहीच बाहेर आलं नाही, तर आत हात घालून ओढाताण करू नये. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक लावावा. तो निःशुल्क आहे.