नवस, तट आणि घुमट : दिल्लीची चर्च, रशियाची चर्च

दिल्लीतील काश्मिरी गेटचे सेंट जेम्स चर्च एका नवसातून उभे राहिले, आणि तो नवस बोलला गेला शिंद्यांच्या चाकरीत. जेम्स स्किनर हा स्कॉटिश बाप आणि राजपूत आई यांचा मुलगा. आई हिंदुस्थानी, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होण्याची वाट बंद. तेव्हा तो शिंद्यांच्या कवायती पलटणींत शिरला. 1800 मध्ये राजपुतान्यातील उनियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी होऊन रणांगणात पडून राहिला. जगलो तर चर्च बांधीन, असा नवस त्याने तिथे केला. 1803 मध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटले, शिंद्यांची चाकरी सुटली आणि तो कंपनीकडे गेला. नवस फिटला 1836 मध्ये. पुढे स्किनरचे दफनही याच चर्चमध्ये, वेदीसमोर झाले.

इंग्लंडमधल्या लांबट, टोकदार मनोऱ्याच्या चर्चशी या इमारतीचे फारसे साम्य नाही. चारही भुजा जवळपास सारख्या असलेला क्रूस आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी बैठकीवर मोठा घुमट, अशी तिची मांडणी आहे. ही रचना युरोपातील प्रबोधनकाळातून आलेली असली, तरी क्रूस आणि मध्यघुमट यांची जोडी त्याहून जुनी, बायझंटाइन साम्राज्यातली. त्याच मुळातून रशियाचे चर्चही वाढले.

988 मध्ये कीवचा राजा व्लादिमीर याने बायझंटाइन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्माबरोबर बांधणीही आली. नोवगोरोदचे सेंट सोफिया 1045 ते 1050 या काळात बांधले गेले आणि ते आजही उभे आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत इमारतीला स्वतःचा अर्थ असतो. घुमट म्हणजे आकाश; आत वर पाहिले की ख्रिस्ताची प्रतिमा खाली पाहत असते. घुमट एक असेल तर तो ख्रिस्ताचा, तीन असतील तर त्रैक्याचे, पाच म्हणजे ख्रिस्त आणि चार शुभवर्तमानकार, तेरा म्हणजे ख्रिस्त आणि बारा प्रेषित. वेदी आणि भाविक यांच्यामध्ये संतचित्रांची भिंत असते. मराठी वाचकाला ही विभागणी अनोळखी वाटणार नाही : लोक सभामंडपात उभे, आणि गाभाऱ्यात पाऊल टाकण्याचा अधिकार मोजक्यांना.

या धार्मिक अर्थावर राज्यकर्त्यांनी आपला इतिहास चढवला. 1552 मध्ये इव्हान चौथ्याने काझान जिंकले. त्या विजयाच्या स्मरणार्थ 1555 ते 1561 या काळात मॉस्कोच्या लाल चौकात सेंट बेसिलचे चर्च झाले. बाहेरून रंगीबेरंगी, वळणदार दिसणारी ही इमारत म्हणजे खरे तर एका मधल्या चर्चभोवती गोळा झालेली आठ लहान चर्च आहेत. मोहिमेतील महत्त्वाच्या घटना ज्या संतांच्या दिवशी घडल्या, त्यांची नावे यांतील अनेकांना दिली आहेत. युद्धाची दिनदर्शिकाच तळाच्या आराखड्यात उतरली. मधल्या चर्चवर तंबूसारखे निमुळते छत आहे. ते रशियाचे स्वतःचे. बायझंटाइन घुमटाशी त्याचे नाते नाही. म्हणूनच 1650च्या दशकात धर्मप्रमुख निकोनने अशा छतांना मनाई करून पुन्हा घुमटांकडे वळण्याचा आग्रह धरला.

पीटर बादशहाने 1703 मध्ये सेंट पीटर्सबर्ग वसवले, आणि सुरुवात केली किल्ल्यापासून. 1714 मध्ये त्याने उर्वरित रशियात दगडी बांधकामास बंदी घातली, म्हणजे गवंडी आणि दगड दोन्ही नव्या राजधानीकडे वळावेत. किल्ल्याच्या आत डोमेनिको ट्रेझिनीने 1712 ते 1733 या काळात जे चर्च बांधले, त्याला सुईसारखा सोनेरी मनोरा आहे. उपासना जुनीच राहिली, छप्पर पश्चिमेचे झाले. तटबंदीच्या आतल्या या चर्चमध्ये पुढच्या बादशहांच्या समाध्या आहेत.

याच शहरात 1888 मध्ये आर्थर गॉर्डन शूस्मिथचा जन्म झाला. पुढे तो दिल्लीत, नव्या राजधानीचा वास्तुकार लचेन्स याचा प्रतिनिधी म्हणून काम करू लागला आणि 1928 ते 1930 या काळात त्याने दिल्ली छावणीत सेंट मार्टिन गॅरिसन चर्च बांधले. त्यात रशियन अलंकरण शोधू नये; अलंकरणच नाही. सुमारे 35 लाख विटा, उघडे विटकाम, टप्प्याटप्प्याने आत सरकत जाणाऱ्या जाड भिंती, वर चौकोनी बुरूज आणि अगदी मोजक्या, लहान खिडक्या. दुपारच्या उन्हात सावल्या फक्त या टप्प्यांच्या कडांवर पडतात, आणि सगळी शोभा तेवढीच. जाड भिंत उष्णता अडवते. पण तिच्यामागे आणखी एक आठवण आहे. 10 मे 1857 रोजी, रविवारी संध्याकाळी, प्रार्थनेच्या सुमारास मेरठच्या छावणीत उठाव झाला. त्यानंतर गोरे शिपाई बंदुका घेऊन चर्चला जाऊ लागले. छावण्यांतील अनेक चर्चच्या बाकांना बंदूक टेकवण्यासाठी खाचा पाडल्या गेल्या. सेंट जेम्सच्या घुमटावरील तांब्याचा गोल आणि क्रूस त्याच उठावात गोळ्यांनी छिद्रित झाले. विसाव्या शतकातील छावणीचे चर्च तटासारखे दिसते, त्याचे हे कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

फेब्रुवारी 1931 मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. वास्तुकार हेन्री मेडचे, व्हाइसरॉयच्या प्रासादाजवळचे कॅथेड्रल ऑफ द रिडेम्प्शन तेव्हा आकार घेत होते. साम्राज्य स्वतःसाठी घुमट बांधत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॉस्कोत सोव्हिएत सरकारने ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल सुरुंग लावून पाडले. तेही नवसाचेच चर्च : नेपोलियन माघारी गेल्यावर 1812 मध्ये पहिल्या अलेक्झांडरने केलेला संकल्प, 1883 मध्ये पूर्ण झालेला. त्या जागी पुढे पोहण्याचा तलाव झाला. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर चर्च पुन्हा बांधले गेले आणि 2000 मध्ये त्याचा अभिषेक झाला.

दिल्लीत ऑर्थोडॉक्स हे नाव आज प्रामुख्याने मलंकारा समाजाकडे आहे. हौज खासमध्ये त्यांचे सेंट मेरीज कॅथेड्रल आहे. केरळचा हा समाज रशियन चर्चच्या शाखेतला नव्हे. 451 च्या कॅल्सेडन परिषदेनंतर वेगळ्या झालेल्या पौर्वात्य परंपरेतला. त्यांच्या चर्चमध्ये संतचित्रांची भिंत नसते. वेदीपुढे पडदा असतो, आणि उपासनेच्या ठरलेल्या टप्प्यांवर तो उघडतो व मिटतो.