गाडीच्या जागेवरून शेजार तुटू देऊ नका

सोसायटीत घरे वीस आणि गाड्या तीस, हे चित्र आता सर्वत्र दिसते. फाटकात आडव्या लावलेल्या एका स्कूटरवरून कुरबुर सुरू होते आणि पाहता पाहता दोन घरांत अबोला येतो. दिवाळीच्या फराळाची देवघेवही थांबते.

‘ही जागा माझी, बिल्डरला पैसे मोजलेत,’ असे काहीजण ठणकावून सांगतात. पण उघड्या आवारातील पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही. ती सर्वांची असते. मुंबईतील एका सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच हे स्पष्ट केले आहे. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे, अशी तरतूद महाराष्ट्रातील सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे. अन्य राज्यांत राहत असाल, तर आपल्या सोसायटीचे नियम मागून वाचा.

शेजाऱ्याची गाडी आड आली, तर हॉर्न वाजवत बसू नका, चाकाची हवा तर मुळीच सोडू नका. सकाळच्या घाईत वाद घालण्यापेक्षा संध्याकाळी निवांत बोला. आपला फोन नंबर गाडीच्या काचेवर लावा. तरीही जमले नाही, तर सेक्रेटरींना लेखी कळवा आणि विषय सर्वसाधारण सभेत मांडा.

येण्याजाण्याची वाट मात्र कोणीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा अडवू नये. रुग्णवाहिका किंवा आगीचा बंब कोणत्या घरासाठी येईल, हे आधी कोणाला ठाऊक असते?