नोकियाची विभागरचना आणि हँडसेट तंत्रज्ञानातील स्थित्यंतर

प्रस्तावना :
उद्योगसंस्थेची विभागरचना हा सामान्यतः प्रशासकीय सोयीचा विषय मानला जातो. परंतु ज्या उद्योगात तंत्रज्ञान वेगाने बदलते, तेथे विभागांच्या सीमारेषा कोठे आखल्या यावर पुढील उत्पादनाचे स्वरूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. फिनलंडमधील नोकिया कंपनीची २००४ सालची पुनर्रचना हे याचे बोलके उदाहरण होय. या पुनर्रचनेचा हँडसेटच्या तंत्रज्ञानाशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

चार गटांची रचना :
१ जानेवारी २००४ पासून नोकियाने मोबाइल फोन्स, मल्टिमीडिया, एंटरप्राइज सोल्यूशन्स आणि नेटवर्क्स असे चार व्यवसायगट केले. नेटवर्क्स गट दूरसंचार कंपन्यांना यंत्रणा पुरवीत असे. उर्वरित तिन्ही गटांचा व्यवसाय मुख्यतः हँडसेटचाच होता. त्यांतील भेद ग्राहकावरून केलेला होता. सर्वसामान्यांचे फोन पहिल्या गटाकडे, कॅमेरा व संगीताची 'एन' मालिका दुसऱ्याकडे, तर कार्यालयीन ई-मेलसाठीची 'ई' मालिका तिसऱ्याकडे आली. विक्री, पुरवठा आणि मूळ सॉफ्टवेअर मात्र सामाईक गटांकडे ठेवण्यात आले. व्यवस्थापनशास्त्रात यालाच मॅट्रिक्स संघटन म्हणतात.

या रचनेमागे तर्क नव्हता असे म्हणता येणार नाही. २००३ साली आलेला ११०० हा फोन टॉर्च आणि धूळरोधक कळफलक यांमुळे भारतासारख्या देशांत घरोघरी पोहोचला. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याचा ग्राहक आणि कंपनीतील अधिकारी यांच्या गरजा एकच आहेत असे त्या काळी कोणीही म्हटले नसते.

तंत्रज्ञानातील बदल :
अडचण निर्माण झाली ती फोनचा संगणक होऊ लागल्यावर. २००७ च्या एन९५ मध्ये ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, जीपीएस व वाय-फाय एकत्र आले. 'एन' आणि 'ई' या दोन्ही मालिकांच्या मुळाशी सिम्बियनवर आधारित एस६० हीच प्रणाली होती. तरीही प्रत्येक गट आपल्या मॉडेलसाठी तीत स्वतंत्र बदल मागत असे. जेथे एक प्रणाली मुळापासून सुधारणे आवश्यक होते, तेथे श्रम मॉडेलांची संख्या वाढविण्यात खर्ची पडले. यीव्ह डोझ व कीली विल्सन यांनी 'रिंगटोन' या २०१७ च्या ग्रंथात नोकियाच्या घसरणीची मुळे या पुनर्रचनेपर्यंत नेली आहेत.

नवे तंत्रज्ञान नोकियाजवळ नव्हते, हा समज मात्र चुकीचा आहे. २००४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या ७७१० या फोनला टच-स्क्रीन होता. २००५ साली लिनक्सवर चालणारा ७७० हा इंटरनेट टॅब्लेटही आला. पण त्यावरून फोन करता येत नसे! आयफोनची विक्री जून २००७ मध्ये सुरू झाली, आणि एस६० प्रणालीवरील नोकियाचा पहिला टच-स्क्रीन फोन, ५८००, बाजारात येण्यास २००८ ची अखेर उजाडली.

अर्थात, सारा दोष संघटन तक्त्यावर टाकणे योग्य ठरणार नाही. टिमो वुओरी व क्वी ह्यू यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, मधल्या फळीतील व्यवस्थापक वरिष्ठांच्या धाकाने प्रतिकूल माहिती वर पोहोचवीत नसत. तक्त्यातील चौकटींत भीती दाखविता येत नाही.

पुढील वाटचाल :
१ जानेवारी २००८ रोजी हँडसेटचे तिन्ही गट 'डिव्हाइसेस' या एकाच गटात विलीन झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये सिम्बियनऐवजी विंडोज फोन स्वीकारण्याचा निर्णय जाहीर झाला आणि एप्रिल २०१४ मध्ये हँडसेटचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. नोकिया आज टिकून आहे ती प्रामुख्याने नेटवर्कच्या व्यवसायावर. चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथे २००६ साली सुरू झालेला कारखाना करविषयक वादामुळे त्या व्यवहारातून वगळला गेला. मायक्रोसॉफ्टने तेथून फोन घेणे थांबविल्यावर १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचे उत्पादन बंद पडले, आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला.