पडद्याच्या दांडीला टांगलेली किल्ली

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस राहायला आली होती. दुपारी तिच्या खोलीत डोकावले, तर पडद्याच्या दांडीला दोऱ्याने स्कूटरची किल्ली टांगलेली. किल्ली झोके घेतेय आणि ही समोर बसून मोबाइलवर स्वतःच्याच डोळ्यांचा व्हिडिओ काढतेय.

"काय गं हे?"

"आत्या, माझी नजर किल्लीमागून सरळ जाते की अडखळते, ते बघतेय. बाबांचं ते माझ्यातही आहे का, कळेल ना?"

तिचे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ. ही दोन वर्षांची असताना दादाला स्किझोफ्रेनिया झाला. आज ती एकवीस वर्षांची आहे. मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण माझा विषय असा घरात येऊन मला कधी विचारला गेला नव्हता. पुण्यात आमच्यासारख्या कुटुंबांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी हेही कॅनडात, कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवत. त्या दुपारी मला त्यांची फार आठवण झाली.

आजार झाला की लक्षणं दिसतात. आजाराकडे असलेला कल मात्र दिसत नाही. मग तो असतो हे कशावरून म्हणायचं?

मी तिला आधी डेन्मार्कमधल्या जुळ्यांची गोष्ट सांगितली. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला आणि दुसरा निरोगी राहिला, अशा जोड्यांच्या मुलाबाळांचा तिथे पाठपुरावा झाला. १९८९ साली आयर्व्हिंग गॉट्समन आणि अक्सेल बर्टेलसन यांनी त्याचे आकडे मांडले. आजारी जुळ्याच्या मुलांमध्ये आजाराची जोखीम १६.८ टक्के निघाली आणि निरोगी जुळ्याच्या मुलांमध्ये १७.४ टक्के. जोड्या थोड्याच होत्या, त्यामुळे या दोन आकड्यांतला फरक धरायचा नाही. ते सारखे आहेत, हेच महत्त्वाचं. निरोगी भावाने स्वतः आजार भोगला नाही, तरी कल त्याच्याजवळ होता आणि तो पुढे गेला.

मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९६२ मध्येच म्हटलं होतं की असा कल असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर आजारी पडत नाहीत. गर्दीतून हा गट ओळखण्याची एक रीतही त्यांनी पुढे बसवली. ती मी भाचीला कॉलेजच्या हॉलवरून समजावली.

समजा, हॉलमध्ये मुलं-मुली एकत्र बसलेत आणि आपल्या डोळ्यांवर पट्टी आहे. हातात प्रत्येकाचे तीनच आकडे: केसांची लांबी, आवाजाची पट्टी आणि हाताच्या पकडीचा जोर. नुसत्या मुलांत लांब केस आणि बारीक आवाज यांचा काही संबंध नसतो, नुसत्या मुलींतही नसतो. दोघांना एकत्र केलं की मात्र आकड्यांत संबंध दिसू लागतो. आता सगळ्यांना पकडीच्या जोरानुसार ओळीत उभं करा. एका टोकाला बहुतेक मुली, तिथे संबंध मावळतो. दुसऱ्या टोकाला बहुतेक मुलं, तिथेही मावळतो. मधे, जिथे निम्मे-निम्मे मिसळलेत, तिथे तो सर्वांत ठळक. आलेखात असा उंचवटा आला, तर डोळ्यांवरची पट्टी न काढताही म्हणता येतं की इथे दोन गट आहेत. कोणता केवढा, याचाही अंदाज येतो.

मार्क लेन्झेनवेगर आणि लॉरेन कॉर्फाइन यांनी १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर ही रीत वापरली. आपलंच शरीर परकं वाटणं, अवयवांचा आकार बदलल्यासारखा भासणं, अशा अनुभवांबद्दल विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले होते. उत्तरांतून सुमारे १० टक्क्यांचा वेगळा गट निघाला. सगळ्यांना हे पटलेलं नाही. कल म्हणजे वेगळा गट नव्हे, तो उंचीसारखा कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतो, असं मानणारे संशोधक पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात आजाराशी जोडलेली २८७ ठिकाणं सापडली. त्यातल्या एकेका ठिकाणचा वाटा अगदी बारीक असतो.

"आणि डोळ्यांचं?" तिने विचारलं.

तेही खरं आहे. फिलिप होल्झमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की झुलत्या लंबकामागे जाताना अनेक रुग्णांची नजर अडखळते. त्यांच्या निरोगी आईवडील-भावंडांतही हे सर्वसामान्य लोकांपेक्षा पुष्कळ जास्त आढळलं. पुढे होल्झमन आणि स्टीव्हन मॅथिस यांनी मांडलं की मुळाशी एकच छुपा गुण असावा. तो कुणात आजार होऊन दिसतो, बऱ्याच जणांत नुसती नजर अडखळण्यावर थांबतो. म्हणूनच या शोधात निरोगी नातेवाइकांची माहिती रुग्णांइतकीच मोलाची ठरते.

"पण हे मोबाइलवर दिसत नाही, बाळा. त्याला डोळ्यांची हालचाल नोंदणारं यंत्र लागतं. आणि नजर अडखळली तरी त्यावरून एकट्या तुझ्याबद्दल काही ठरत नाही."

मग मी तिला गॉट्समन यांचा दुसरा आकडा सांगितला. आई किंवा वडील, एकाला हा आजार असेल तर शंभर मुलांपैकी साधारण १३ जणांना तो होतो. सर्वसामान्यांत शंभरात एकाला. तेरा म्हणजे लहान आकडा नव्हे आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही. पण उरलेले ८७ जण त्याच घरांत वाढले, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. तेरा हा शंभरांच्या गटाचा आकडा आहे. तो कुणा एका मुलीच्या कपाळावर लिहिलेला नसतो, म्हणून त्यावरून कुणी तिचं लग्न, नोकरी, लायकी ठरवू नये.

करण्यासारखं काय, तेही आम्ही बोललो. गांजाच्या वाटेला जायचं नाही, कारण त्याने जोखीम वाढते. आणि कधी संशय, भास, माणसांतून उठून जाणं असं काही जाणवलं, तर लाजून न बसता लगेच डॉक्टर गाठायचा.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनी मला काही वाईट दिलं, असं नाही ना?"

आकड्यांमागे खरा प्रश्न हा होता, हे मला तेव्हा कळलं. मी नाही म्हटलं. हे उत्तर द्यायला मला कुठलाच तक्ता लागला नाही.

तिने दोरा सोडला. संध्याकाळी तीच किल्ली घेऊन ती दादाच्या गोळ्या आणायला गेली.