तारलीचं ताट

गणेश पेठेतल्या मासळी बाजाराची बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रांत ठरावीक साच्यात येते. खोल समुद्रातली आवक इतकी, खाडीची इतकी, नदीची इतकी, शिवाय आंध्रातून आलेले रहू-कटला. पापलेट आणि सुरमईचे भाव वाचून सुस्कारा सोडायचा आणि बांगड्यावर समाधान मानायचं, हा अनेक घरांतला रविवारचा शिरस्ता. तारलीचं नाव त्यात निघालंच तर कोकणातून आलेल्या घरांत. काटे फार, वास उग्र, मान कमी. माझ्या मते मात्र समुद्राची खरी हालहवाल पापलेटाला विचारू नये, तारलीला विचारावी. कारण ती समुद्राच्या अन्नसाखळीत अगदी तळाच्या पंगतीला जेवते. पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, हे तिचं मुख्य अन्न. ताट रिकामं झालं तर ते आधी तिला कळणार.

त्या ताटाचा हिशेब मांडणारं एक महत्त्वाचं संशोधन याच शहरात, पाषाणला झालं. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम, १९६२ साली स्थापन झाली ती मोसमी पावसाचा अभ्यास करण्यासाठी. माशांशी तिचा संबंध नव्हता. पण पाऊस समजून घ्यायचा तर समुद्राकडे जावंच लागतं. तिथले हवामानशास्त्रज्ञ डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल याच वाटेने समुद्राकडे गेले. मूळचे केरळचे, डॉक्टरेट जपानच्या होक्काइडो विद्यापीठाची.

२०१४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या तापमानाच्या जुन्या नोंदी चाळून एक विसंगती पुढे आणली. या महासागराचा मधला-पूर्वेचा भाग आधीपासून उबदार, तर सोमालियाकडचा पश्चिम भाग उन्हाळ्यातल्या, म्हणजे इथे जून ते सप्टेंबरमधल्या, वाऱ्यांमुळे त्यातल्या त्यात थंड. १९०१ ते २०१२ या काळात उबदार भाग उन्हाळी महिन्यांत सुमारे ०.७ अंशांनी तापला, आणि थंड समजला जाणारा पश्चिम भाग तब्बल १.२ अंशांनी. एक कारण प्रशांत महासागरातला एल निनो: तो आला की हा भाग तापतो, पण उलट ला निना आला की तेवढा निवत नाही. शिवाय या महासागराच्या उत्तरेला आशिया खंड दार लावून बसलेला, त्यामुळे त्या बाजूने उष्णतेला वाट नाही.

एका अंशाने काय होतं, असं पुण्यात एप्रिल काढलेल्या माणसाला वाटणारच. त्यासाठी स्वयंपाकघरात यावं लागेल. पातेल्यातलं वरण बराच वेळ तसंच राहिलं की डाळ तळाशी बसते आणि वर नुसतं पाणी. पळी फिरवली तरच ताटात काही पडतं. समुद्राचंही असंच. ऊन वरच्या थरात असतं; नायट्रेट, फॉस्फेट ही खतं मात्र खाली, अंधारात. प्लवकांना दोन्ही हवं. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याजवळ ही पळी फिरवतात, खालचं थंड, खतावलेलं पाणी वर काढतात. पण वरचं पाणी तापलं की ते हलकं होतं आणि जड पाण्यावर झाकणासारखं बसतं. तेवढ्याच जोराने पळी फिरवली तरी डाळ वर येत नाही.

२०१६ मध्ये ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’ या नियतकालिकात आयआयटीएमच्या गटाने याचा परिणाम मांडला. लेखकांमध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. प्रसन्नकुमार आणि अमेरिकेतले रघू मुर्तुगुड्डे हेही होते. निष्कर्ष असा: पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलं. यातला ‘पर्यंत’ बातम्यांमध्ये हमखास गळतो. तो गाळू नये.

खरी गंमत पुढे आहे. याआधी विज्ञान नेमकं उलट सांगत होतं. २००५ मध्ये ‘सायन्स’ मध्ये जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी लिहिलं होतं की युरेशियातलं, हिमालयातलं बर्फ कमी होतंय, जमीन जास्त तापतेय, त्यामुळे उन्हाळी वारे जोर धरताहेत आणि अरबी समुद्र अधिक सुपीक होतोय. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ उन्हाळ्यातलं प्लवक ३५० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं त्यांनी उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवलं. नोंदी खोट्या नव्हत्या. प्लवकातल्या हरितद्रव्याने पाण्याचा रंग बदलतो आणि तो रंग वरून मोजता येतो. पण तो मोजणारं ‘सीविफ्स’ हे उपकरण घेऊन उपग्रह सुटला १९९७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एकाच्या ऐन भरात. एखाद्या शेतकऱ्याने उत्पन्नाची वही ७२ च्या दुष्काळात घातली, तर पुढची काही वर्षं भरभराटीचीच दिसणार. सात वर्षांच्या वहीत वाढ दिसत होती; ती लांबवली आणि संगणकी प्रारूपांतून मागे नेली, तेव्हा उतरण दिसली.

यातही एक खोच आहे. उपग्रहापूर्वीच्या दशकांचा हिशेब बव्हंशी प्रारूपांवर उभा आहे. त्याला गृहीतक म्हणून उडवून लावणं सोपं. पण झाकणाचं भौतिकशास्त्र आणि तापमापकाच्या नोंदी त्याच दिशेला बोट दाखवतात, म्हणून मला तो पटतो.

त्यानंतर पाषाणहून आलेल्या अभ्यासांत समुद्री उष्णतेच्या लाटांचा २०२२ चा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. १९८२ ते २०१८ दरम्यान पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ लाटा मोजल्या गेल्या, बंगालच्या उपसागरात ९४. पश्चिमेकडे त्या दर दशकाला दीड या गतीने वाढताहेत. मे २०२० मधल्या अशा लाटेनंतर तामिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात ८५ टक्के प्रवाळ पांढरं पडल्याची नोंद आहे. तापलेलं पाणी वादळांनाही बळ देतं: पुढच्याच महिन्यात, ३ जूनला, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुण्यातही झाडं आडवी झाली. त्याच्या आदल्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं अरबी समुद्रात एकाच वेळी घोंघावत होती, तेव्हा ऐन हंगामात कोकणातल्या होड्या बंदरात अडकून पडल्या होत्या.

आणि तारली? तिची गोष्ट सरळ नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या ई. विवेकानंदन यांनी दाखवलं की ही मासळी पूर्वी मुख्यतः ८ ते १४ अक्षांशांच्या पट्ट्यात, म्हणजे केरळ-कर्नाटकाकडे मिळे. १९८९ नंतर ती १४ च्या वर, गोवा-कोकणाकडे सरकत गेली. पाणी तापल्याचा आपल्याला झालेला हा फायदाच म्हणायचा. तिकडे केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये ती आली ३,२९७ टन. एल निनो, तापलेलं पाणी, आणि त्याआधी पिल्लांसकट केलेली बेसुमार मासेमारी: वाटा कुणाचा किती हे ठरवणं अवघड. हिंदी महासागरात ट्युना हाती लागण्याचं प्रमाण पाच दशकांत ५० ते ९० टक्के घटलं, ते मोठ्या जहाजांच्या मासेमारीमुळे, असं आयआयटीएमच्या त्याच २०१६ च्या लेखाच्या निमित्ताने सांगितलं गेलं. महाराष्ट्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला थवेच्या थवे वेढणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, तेही याच धास्तीने. ‘हवामान बदललंय’ हे जाळीवाल्यांना सोयीचं उत्तर आहे, ‘जाळी मोठी झाली’ हे धूर सोडणाऱ्यांना. तारलीला दोन्ही एकदमच भोगावं लागतं.

डॉ. कोल यांना २०२४ चा विज्ञान युवा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या गटाने पुढचा अंदाज मांडला: उत्सर्जन असंच राहिलं तर समुद्री उष्णतेचे दिवस वर्षाला २० वरून २२० ते २५० होतील. म्हणजे लाट हा शब्दच निकामी.

राहिला वहीचा प्रश्न. ब्रिटनच्या स्टेफनी हेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गणित मांडलं होतं की प्लवकातला नैसर्गिक चढउतार कोणता आणि हवामानबदल कोणता, हे केवळ उपग्रहाच्या नोंदींवरून सांगायला सुमारे ४० वर्षांची सलग मोजणी लागेल. १९९७ मध्ये घातलेली वही त्या हिशेबाने भरेल २०३७ मध्ये. तारली जगते दोन-अडीच वर्षं.