शहापूर-मुरबाडच्या आभाळातली दिव्यांची माळ

भातकापणी आटोपून आभाळ निवळले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत एखाद्या संध्याकाळी आकाशातून दिव्यांची माळ सरकताना दिसते. वीस-पंचवीस ठिपके, एकामागून एक, एकाच रेषेत. लुकलुक नाही की आवाज नाही. चार-पाच मिनिटांत सगळे संपते आणि गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरू लागतात. कोणी त्याला क्षेपणास्त्र म्हणतो, कोणी उडती तबकडी. प्रत्यक्षात ते नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह असतात.

त्यांना वर नेणारे फाल्कन-९ रॉकेट आपल्याला दिसत नाही. ते अमेरिकेत फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सुटते. ७० मीटर उंचीच्या या रॉकेटचे दोन टप्पे असतात. खालच्या टप्प्यात केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळणारी ९ इंजिने, वरच्यात एक. सर्वांत वर, शंकूच्या आवरणाखाली, सपाट घडी घातलेल्या उपग्रहांची चवड.

उड्डाणानंतर साधारण अडीच मिनिटांनी, ६५-७० किलोमीटर उंचीवर, खालचा टप्पा सुटा होतो. वरचा टप्पा उपग्रह घेऊन पुढे जातो आणि खालचा परत निघतो. पूर्वी असा टप्पा सरळ समुद्रात पडून वाया जाई. इथे तो हवेत स्वतःला उलटा फिरवतो, म्हणजे इंजिने पुढे येतात. दाट हवेत शिरताना तीन इंजिने थोडा वेळ पेटवून वेग मारतो, नाहीतर हवेच्या घर्षणाने आणि दाबाने त्याचे तुकडे होतील. मग वरच्या टोकाजवळचे चार जाळीदार पंख हलवत दिशा साधतो. अगदी शेवटी एकच इंजिन पेटते, चार पाय उघडतात आणि समुद्रात उभ्या असलेल्या माणूसविरहित तराफ्यावर तो उभाच्या उभा उतरतो. सुटल्यापासून उतरेपर्यंत जेमतेम साडेआठ मिनिटे. या शेवटच्या क्षणात चुकीला जागा नाही. टाक्या जवळजवळ रिकाम्या असल्याने टप्पा इतका हलका झालेला असतो की एकच इंजिन, तेही कमी जोरावर, त्याच्या वजनापेक्षा जास्त रेटा देते. त्यामुळे तो हवेत तरंगत थांबू शकत नाही. वेग शून्य होणे आणि पाय टेकणे एकाच क्षणी जुळावे लागते.

असा टप्पा पहिल्यांदा जमिनीवर सुखरूप उतरला तो डिसेंबर २०१५ मध्ये, आणि वापरलेलाच टप्पा पहिल्यांदा पुन्हा उडाला तो मार्च २०१७ मध्ये. आता काही टप्प्यांची ३० हून अधिक उड्डाणे झाली आहेत. वरचा टप्पा मात्र आजही परत येत नाही. काम झाल्यावर तो बहुतेक वेळा ठरवून समुद्रावरच्या वातावरणात जाळला जातो. पण नऊ इंजिनांचा महागडा भाग पुन्हा वापरता आला, म्हणूनच हजारो उपग्रह सोडणे परवडू लागले. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा कणा तो परतलेला टप्पा आहे, उपग्रह नंतर.

सुटल्यावर सुमारे तासाभराने वरचा टप्पा हळूच गिरकी घेतो, चवड बांधून ठेवणारे दांडे सुटतात आणि उपग्रह पत्त्यांसारखे पसरू लागतात. प्रत्येकाचा वेग किंचित वेगळा असल्याने एकाच वाटेवर त्यांची रांग लांबत जाते. ही आपली माळ. या वेळी ते २५०-३०० किलोमीटर उंचीवर असतात. पुढे विजेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांनी ते काही आठवड्यांत ५५० किलोमीटरच्या आसपास चढतात, एकमेकांपासून दूर जातात, अंधूक होतात आणि माळ विरून जाते. म्हणून ती पाहायची तर उड्डाणानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच.

त्यांना स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असते. तेच ऊन त्यांच्यावरून परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येते. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर सव्वा तासाच्या आसपास डोक्यावरचे २८० किलोमीटरवरचे आभाळही पृथ्वीच्या सावलीत जाते. त्यामुळे संधी मिळते ती संध्याकाळी अंधार पडू लागल्यापासून तासभर, किंवा पहाटे उजाडण्याआधी तासभर. मध्यरात्री कितीही जागलात तरी काही दिसणार नाही. संध्याकाळी पूर्वेकडे जाताना एकेक ठिपका मध्येच विझतो, तो तिथे सावलीत शिरलेला असतो.

एक फेरी सुमारे ९० मिनिटांची. तेवढ्यात पृथ्वी फिरत असल्यामुळे पुढच्या फेरीची वाट आपल्या अक्षांशावर सुमारे २,४०० किलोमीटर पश्चिमेला सरकते. म्हणून उपग्रह दिवसभर फिरत असले तरी आपल्यावरून थोड्याच वेळा जातात. नेहमीच्या वाटेवरची माळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर. शहापूर ते मुरबाड हे सरळ रेषेतले पंचवीसेक किलोमीटर ते तीन-चार सेकंदांत पार करतात. कल्याण-भिवंडीच्या उजेडापासून जितके दूर जावे तितकी माळ स्पष्ट दिसते. टोकावडे किंवा डोळखांबकडचा अंधार त्यासाठी उत्तम.

एवढे उपग्रह लागतात कशाला? जुने दळणवळण उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी स्थिर दिसतात. संदेश तिथे जाऊन उत्तर परत यायला जवळपास अर्धा सेकंद जातो. ५५० किलोमीटरवरून हा वेळ नगण्य होतो, पण खालचा उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. म्हणून एक गेला की दुसरा हजर हवा. घाटाच्या कुशीतल्या पाड्यांवर मोबाइलची रेंज डोंगर अडवतो. वरून येणाऱ्या लहरींना डोंगराचा अडथळा कमी, फक्त अँटेनासमोर आभाळ मोकळे हवे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांची नावे होती. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या शाळा आणि आरोग्य केंद्रे त्या यादीत यायला हवीत.

याची दुसरी बाजूही आहे. माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात गेले की खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तारे-आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ती ऐकते. २०२३ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीला या उपग्रहांच्या उपकरणांतून गळणाऱ्या नको त्या लहरी आढळल्या. जीएमआरटी पकडते त्याच टापूतल्या या लहरी आहेत, म्हणून ही गळती थांबवण्याचा आग्रह आपणही धरायला हवा.

असे उपग्रह भारतातूनही सुटले आहेत. इस्रोने आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने वनवेब कंपनीचे ३६-३६ इंटरनेट उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये सोडले. ते १,२०० किलोमीटरवर असल्याने सहसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. एलव्हीएम-३ चे टप्पे परत येत नाहीत. पण सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा असेल.

आकाशातली प्रत्येक रांग मात्र उपग्रहांची नसते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात जळते गोळे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे पडले. ते कक्षेत सोडून दिलेल्या चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. रांगेतले ठिपके शांत, एका तेजाचे असतील तर ते उपग्रह. नारिंगी, शेपटीचे, तुकडे होणारे असतील तर काहीतरी जळत खाली येते आहे. असा तुकडा कधी शेतात सापडला तर त्याला हात लावू नका, कारण टाकीत विषारी इंधन उरलेले असू शकते. मुलांना आणि गुरांना लांब ठेवा आणि लगेच पोलीस पाटलांना कळवा.